ज्यांना मालक नाही, त्यांच्या म्हातारपणाचं काय?

आज आपण चार गोष्टींबद्दल बोलणार आहोत. आजारपण, बाळंतपण, अपघात आणि म्हातारपण. या चारही वेळा अशा की हात थांबतो, पण पोट थांबत नाही. अशा वेळी घरात चार पैसे यावेत म्हणून जी सोय केलेली असते, तिला सरकारी भाषेत सामाजिक सुरक्षा म्हणतात. पेन्शन, विमा, प्रॉव्हिडंट फंड, बाळंतपणाची रजा हे सगळं त्यात आलं.

शाळेतल्या बाईंना हे मिळतं, एसटीच्या कंडक्टरला मिळतं. आपल्या गटातल्या बायांना मात्र मिळत नाही. एकजण शेळ्या पाळते, एकजण शिवणकाम करते, कुणी भाजीची पाटी घेऊन बाजाराला जाते, कुणी पापड-शेवया करून विकते. काम सकाळी पाचला सुरू होतं ते रात्री दहाला संपतं. पण हजेरीपट नाही, पगाराची चिठ्ठी नाही आणि मालकही नाही. कागदावर आपल्याला स्वयंरोजगारित म्हणतात. साध्या भाषेत, आपलं हातावरचं पोट.

मालक नाही म्हणून हक्क नाही, हे असं का झालं? आणि मालक नसतानाही कुणी कुणी हक्क कसा मिळवला? हा इतिहास आपल्या राज्यात आणि शेजारी गुजरातेत घडलेला आहे. आम्ही गटांच्या समन्वयक तो वाचत गेलो, तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. ती शेवटी सांगतो, आधी गोष्ट ऐकू या.

सुरुवात गिरण्या-कारखान्यांपासून झाली. 1923 साली इंग्रज सरकारने कामगार भरपाईचा कायदा केला. यंत्रात कामगाराचा हात गेला, जीव गेला, तर मालकाने भरपाई द्यायची. त्यानंतर मुंबई इलाख्यात बाळंतपणाचा कायदा आला, 1929 साली. कारखान्यात काम करणाऱ्या बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर काही आठवडे सुट्टी आणि त्या दिवसांचे पैसे मिळावेत, असा तो कायदा होता. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात यावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. बाईच्या श्रमावर मालक नफा कमावतो, मग तिच्या बाळंतपणाचा थोडा भार त्याने उचलायला काय हरकत आहे, असा त्यांचा मुद्दा होता. आईला विश्रांती मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे, म्हणून सरकारवरही त्याची जबाबदारी येते, हेही त्यांनी मांडलं. मैत्रिणींनो, हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा पुन्हा येणार आहे.

स्वातंत्र्य मिळाल्यावर 1948 साली कामगार राज्य विम्याचा कायदा झाला, त्यालाच आपण ईएसआय म्हणतो. 1952 साली प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा झाला. दोन्हींची रीत एकच. थोडे पैसे कामगाराच्या पगारातून कापायचे आणि वर मालकाने आपला वाटा घालायचा. म्हणजे एका माणसाच्या म्हातारपणासाठी दोन हात लागतात. पण या कायद्यांची दारं ठरावीक कामगारसंख्या असलेल्या कारखान्यांना आणि आस्थापनांनाच उघडी होती. शेतात, बाजारात, घराच्या ओसरीवर काम करणारी बाई त्या दारापर्यंत पोचलीच नाही. तिचा दुसरा हात कोण, हे कुणाला सांगता येत नव्हतं.

हा पेच सोडवला आपल्याच राज्यातल्या हमालांनी. डोक्यावर, म्हणजे माथ्यावर ओझं वाहणारा तो माथाडी. त्याला एक मालक नसतो. सकाळी या दुकानाची पोती उतरवायची, दुपारी त्या गोदामाचा ट्रक भरायचा. व्यापारी म्हणे, हा माझा नोकर नाही. दुसरा व्यापारीही तेच म्हणे. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात हमाल पंचायतीचे बाबा आढाव यांनी हमालांना एकत्र केलं, मोर्चे काढले. 1969 साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला.

त्यात युक्ती काय होती बघा. एक मालक नाही ना, मग सगळ्या बाजाराला मिळून मालक धरायचं. सरकार, व्यापारी आणि कामगार या तिघांचे प्रतिनिधी घेऊन मंडळ केलं. हमालाने मंडळात नाव नोंदवायचं, व्यापाऱ्यानेही नोंदवायचं. व्यापाऱ्याने मजुरी हमालाच्या हातात न देता मंडळात भरायची, आणि मजुरीवर ठरलेली जादा रक्कम, म्हणजे लेव्ही, तीही भरायची. मजुरी मंडळ हमालाला देतं आणि त्या लेव्हीतून त्याचा प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, दवाखाना चालवतं. हमालाने दहा जणांची पोती उचलली तरी त्याचं खातं एकच राहतं. पोतं कुणाचंही असो, त्याच्या म्हातारपणासाठी काहीतरी बाजूला पडतंच.

आता विडी कामगार बायांकडे येऊ. सोलापूर, सिन्नर, संगमनेर या भागांत विड्या वळणाऱ्या बायांच्या पिढ्या गेल्या. कारखानदार पान आणि तंबाखू देई, बाई घरी नेऊन विड्या वळे आणि मोजून परत देई. तिने प्रॉव्हिडंट फंड मागितला की उत्तर ठरलेलं: तू घरी बसून काम करतेस, तू आमची कामगार नव्हेस. 1966 साली विडी कामगारांसाठी वेगळा कायदा झाला आणि त्यात घरी काम करणारीही आली. 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घरी विड्या वळणाऱ्यांनाही प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा लागू होतो. काम ओसरीवर होतं की कारखान्यात, याने कामगारपण बदलत नाही.

दरम्यान 1976 साली आणखी एक वाट निघाली. तयार होणाऱ्या विड्यांवर सरकारने छोटा उपकर लावला आणि त्या पैशाचा कल्याण निधी केला. त्यातून दवाखाने, मुलांना शिष्यवृत्त्या, घरांना मदत अशी कामं सुरू झाली. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. 2006 साली तिचं उद्घाटन झालं. तिला कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांचं नाव आहे. बायांनी संघटना करून, वर्षानुवर्षं मोर्चे काढून, स्वतःचा वाटा भरून ही घरं मिळवली. 2017 साली जीएसटी आल्यावर हा उपकर बंद झाला. योजना सरकारच्या तिजोरीतून चालू राहिल्या, पण विडीतूनच कामगारासाठी पैसा बाजूला पडायचा, तो थांबला.

बांधकाम मजुरांसाठीही हीच रीत आली, 1996 च्या कायद्याने. इमारत बांधणाऱ्याने बांधकामाच्या खर्चाच्या एक टक्का उपकर भरायचा आणि तो पैसा मजुरांच्या कल्याण मंडळात जमा व्हायचा. आज गवंड्याच्या हाताखाली काम करणारी बाई मंडळात नाव नोंदवते, तेव्हा तिला मिळणारी मदत या एक टक्क्यातून येते. ती कुणाची मेहेरबानी नाही.

पण माथाडीला बाजार होता, विडीला कारखानदार होता. ज्या बाईला खरोखरच कुणी नाही, जी स्वतः माल आणते आणि स्वतः विकते, तिचं काय? त्यासाठी अहमदाबादला जावं लागेल.

तिथल्या गिरणी कामगार संघटनेच्या महिला विभागात इला भट्ट काम करत होत्या. डोक्यावर कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या, जुने कपडे विकणाऱ्या, भाजी विकणाऱ्या बाया त्यांच्याकडे आल्या. त्यांनी मिळून संघटना केली आणि नाव ठेवलं सेवा. नोंदणीला गेल्या तर कामगार खात्याने अडवलं. तुमचा मालकच नाही, मग भांडणार कुणाशी आणि संघटना कशासाठी? सेवाचं म्हणणं असं की संघटना कुणाच्या विरोधातच असावी लागते असं नाही, कामकरी बायांनी एकत्र येण्यासाठीही ती असते. शेवटी 1972 साली नोंदणी झाली. मालक नसलेली बाईही कामगार आहे, हे त्या दिवशी कागदावर आलं.

पुढे 1974 साली चार हजार बायांनी दहा-दहा रुपये भांडवल घालून स्वतःची सहकारी बँक काढली. सही येत नव्हती म्हणून पासबुकावर फोटो लावले. बँक चालू लागली तसं दिसून आलं की बाईचा हप्ता थकतो तो बहुतेक वेळा आजारपणाने आणि बाळंतपणाने. आपल्या गटातही हेच घडतं, नाही का? हप्ता चुकला की आपण रजिस्टरमध्ये लाल शाईने खूण करतो. घरात कोण आजारी आहे, ते त्या खुणेत दिसत नाही.

म्हणून सेवाने 1992 पासून सरकारी विमा कंपन्यांशी बोलणी करून बायांसाठी एकत्रित विमा सुरू केला. दरवर्षी हप्त्याला पैसे जमवणं अवघड, म्हणून वेगळी सोय केली. बाईने एकदाच ठरावीक रक्कम बँकेत ठेव म्हणून ठेवायची आणि तिच्या व्याजातून विम्याचा हप्ता परस्पर भरला जायचा. ठेव तिचीच राहते आणि विमा तुटत नाही.

पुण्यातल्या कचरावेचक बायांची गोष्ट तर अगदी जवळची. 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, बाबा आढावांच्या पाठबळाने. या बाया रस्त्यावरचा, उकिरड्यावरचा कचरा वेचून भंगारवाल्याला विकत. लोक त्यांना चोर समजत, पोलीस हटकत. पंचायतीने पहिली मागणी केली ती ओळखपत्राची, आणि महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रं मिळवली. मग त्यांनी हिशेब मांडला. आम्ही एवढा कचरा उचलतो, तो उचलायला आणि वाहून न्यायला महापालिकेला गाड्या, डिझेल, माणसं लागली असती. तो खर्च वाचतो कुणाचा? महापालिकेचा. तर मग आमच्या विम्याचा हप्ता महापालिकेने भरावा. 2002-03 पासून पुणे महापालिकेने नोंदणी केलेल्या कचरावेचकांच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरायला सुरुवात केली.

मैत्रिणींनो, सुरुवातीला म्हटलं होतं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. ती ही. आपण विचारतो, माझा मालक कोण? उत्तर येतं, कुणी नाही, आणि विषय संपतो. ज्यांना हक्क मिळाला त्यांनी वेगळा प्रश्न विचारला: माझ्या कामाचा फायदा कुणाकुणाला होतो? हमालांनी व्यापाऱ्यांकडे बोट दाखवलं, विडीवाल्या बायांनी कारखानदाराकडे, कचरावेचकांनी महापालिकेकडे. दुसरा हात असा सापडला. आणि तो सापडण्याआधी प्रत्येक ठिकाणी नावनोंदणी झाली होती, ओळखपत्र झालं होतं, बाया एकत्र आल्या होत्या.

आता सरकारने काय केलं, तेही पाहू. महाराष्ट्रात 1980 पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. केंद्राची वृद्ध पेन्शन 1995 साली सुरू झाली, तेव्हा केंद्र महिन्याला 75 रुपये देई. पुढे ते 200 झाले, आणि साठी ते एकोणऐंशी वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा अजूनही 200 च आहे. राज्य आपली भर घालतं, म्हणून श्रावणबाळ योजनेत 2023 पासून आपल्याकडे 1,500 रुपये मिळू लागले. त्यासाठी वय 65 लागतं, आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची अट बरीच वर्षं वर्षाला 21,000 रुपये राहिली. म्हणजे सगळ्या घराचे मिळून दिवसाला साठ रुपयेसुद्धा नाहीत. आयुष्यभर राबलेली, जेमतेम खाऊन-पिऊन असलेली बाई यात बसत नाही. तिला निराधार व्हावं लागतं, तेव्हाच आधार मिळतो.

2004 साली केंद्राने अर्जुन सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्याने सांगितलं की देशातल्या दर शंभर कामकऱ्यांमध्ये नव्वदहून अधिक जणांना नोकरीची किंवा सामाजिक सुरक्षेची हमी नाही. 2006 च्या अहवालात उपायही सुचवला: रोज एक रुपया कामगाराचा, एक मालकाचा, एक सरकारचा. आणि जिथे मालक सापडत नाही, तिथे मालकाचा रुपयाही सरकारने घालायचा. आपल्यासारख्यांचा विचार त्यात होता. 2008 साली असंघटित कामगारांचा कायदा झाला खरा, पण ही एक-एक रुपयाची सक्तीची रीत त्यात आली नाही. सरकार योजना आखू शकेल, एवढंच राहिलं.

पुढे योजना एकामागून एक आल्या. 2015 साली अटल पेन्शन योजना आली. तिच्यात अठरा ते चाळीस वयाच्या बाईने साठीपर्यंत दरमहा पैसे भरायचे आणि साठीनंतर महिन्याला 1,000 ते 5,000 रुपये घ्यायचे. 1,000 च्या पेन्शनसाठी अठराव्या वर्षी सुरू केलं तर महिन्याला 42 रुपये पडतात, तिसाव्या वर्षी 116, चाळिसाव्या वर्षी 291. सुरुवातीच्या महिन्यांत जे सामील झाले, त्यांना काही वर्षं सरकारचा थोडा वाटा मिळाला. नंतरच्यांना नाही. म्हणजे आज त्यात जाणारी बाई एकटीच भरते. 2019 साली श्रमयोगी मानधन योजना आली. तिच्यात बाईने जेवढे भरले तेवढेच सरकार भरतं आणि साठीनंतर 3,000 रुपये ठरलेले आहेत. हप्ता 55 ते 200 रुपये, वयाप्रमाणे. पण इथेही दार चाळिशीला बंद होतं. आपल्या गटांमध्ये चाळिशी ओलांडलेल्या किती जणी आहेत, ते आपण जाणतोच.

2021 च्या ऑगस्टमध्ये ई-श्रम नोंदणी सुरू झाली. देशभरातून तीस कोटींहून अधिक जणांनी नावं नोंदवली, त्यात निम्म्याहून जास्त बाया आहेत. एक गैरसमज मात्र काढून टाका. ई-श्रम कार्ड म्हणजे पेन्शन नव्हे, विमाही नव्हे. ती नोंदणी आहे, त्या कचरावेचक बायांच्या ओळखपत्रासारखी. नोंदणीनंतरची मागणी अजून करायची आहे.

आणि नोव्हेंबर 2025 मध्ये सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. 1948 आणि 1952 चे जुने कायदे, 2008 चा कायदा, असे अनेक कायदे तिच्यात एकत्र आणले आहेत. मोबाईलवरून मागवलेलं जेवण, सामान घरपोच करणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या कंपनीने वर्षाच्या उलाढालीतून एक ते दोन टक्के निधीत घालावेत, असं त्यात लिहिलं आहे. त्या मुलांनाही कंपन्या म्हणत, तुम्ही आमचे नोकर नाही. माथाडीची जुनी युक्तीच नव्या रूपात परत आली. पण भाजी विकणारी, शेळ्या पाळणारी, शिलाई करणारी बाई यांच्यासाठी सरकार योजना करू शकेल, एवढंच. त्यांचा दुसरा हात अजून ठरलेला नाही.

मग आपण काय करायचं? हाताशी आहे ते आधी घेऊ. सुरक्षा विमा वर्षाला 20 रुपयांत सत्तर वर्षांपर्यंत मिळतो, अपघाती मृत्यूला दोन लाख. जीवन ज्योती 436 रुपयांत आहे, पन्नाशीच्या आत सुरू करावा लागतो. दोन्हींचे पैसे मेअखेर खात्यातून जातात. त्या वेळी खात्यात शिल्लक नसली तर विमा बंद पडतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. सेवाची ठेवीची युक्ती इथे कामाला येईल. दोन्ही मिळून 456 रुपये होतात. बँकेचं व्याज सहा टक्के धरलं, तर 7,600 रुपयांच्या ठेवीचं वर्षाचं व्याज बरोबर 456 येतं. दरमहा थोडी थोडी साठवून ही ठेव एकदा झाली की हप्त्याची काळजी मिटली. तिशीच्या आतल्या सुना-लेकींची पेन्शन आत्ताच सुरू करा. दहा वर्षं थांबलं तर हप्ता दुपटीहून अधिक होतो, ते वर ऐकलंच.

पण नुसतं एवढं करून थांबलो तर सगळा भार पुन्हा आपल्याच कनवटीवर. म्हणून पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाल्यावर एक कागद घ्या. गटातल्या प्रत्येकीचं काम लिहा आणि त्यासमोर लिहा की या कामाचा फायदा कुणाला होतो. दूध कुठल्या डेअरीला जातं, गोधड्या कुठला व्यापारी शहरात नेतो, आठवडी बाजारात बसायची पावती कोण फाडतं, शाळेचे गणवेश शिवून कोण घेतं. बाजाराची पावती ग्रामपंचायतीकडे जाते, तर त्यातला काही भाग बाजारात बसणाऱ्या बायांच्या विम्याला का देऊ नये, हा ठराव ग्रामसभेत मांडता येतो. डेअरीच्या सभेत दूध घालणाऱ्या बायांच्या विम्याचा विषय काढता येतो. त्यासाठी आधी सभासद म्हणून आपलं नाव लागलेलं हवं, नवऱ्याचं नव्हे.

ठराव पहिल्या सभेत मंजूर होईल असं नाही. सोलापूरच्या बायांनाही घरांसाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं. पण कागद तयार ठेवा. ग्रामसंघाच्या बैठकीत सगळ्या गटांचे कागद एकत्र मांडू आणि पहिला ठराव कुठला करायचा ते मिळून ठरवू. येताना ई-श्रम कार्ड, पासबुक आणि आधार घेऊन या. ज्यांची नोंदणी राहिली आहे त्यांची त्याच दिवशी करून घेऊ.